रेघेआधीचे अरण्य

स्वीडनच्या पश्चिम कडेला, व्हेर्मलांड प्रांताच्या उत्तर टोकावर टोर्शबी नावाचे कोम्यून आहे. कोम्यून हा स्वीडनमधल्या स्थानिक स्वराज्याचा पायाभूत घटक. शाळा, पाणीपुरवठा, वृद्धांची देखभाल, बांधकामाचे परवाने ही कामे त्याच्याकडे असतात. शहरासाठी एक संस्था आणि खेड्यांसाठी दुसरी, असा भेद तिथे नाही. टोर्शबीचा विस्तार ४,००० चौरस किलोमीटरहून जास्त आहे. एवढ्या प्रदेशात माणसे राहतात साधारण ११,०००, आणि त्यांपैकी सुमारे ४,००० एकट्या टोर्शबी गावात. गाव सोडून वायव्येला निघाले की स्प्रूस आणि पाइनचे जंगल लागते. नॉर्वेची हद्द ओलांडली तरी ते संपत नाही. ग्रूए, ऑस्नेस, ट्रीसिल ही पलीकडची नॉर्वेजियन कोम्यूनेही त्याच जंगलात आहेत. दोन राज्यांमधली रेघ या अरण्यातून काढली गेली ती बऱ्याच उशिरा. इथल्या माणसांची, नदीची आणि जनावरांची ये-जा तिच्यापेक्षा जुनी आहे.

टोर्शबीचा नकाशा ध्यानात ठेवायला सोपा आहे. उत्तर-दक्षिण जाणारी दोन लांब खोरी, आणि त्यांच्या मध्ये व दोन्ही बाजूंना जंगलाने झाकलेली डोंगराळ जमीन. पश्चिमेकडचे खोरे फ्रीकेन सरोवराचे. फ्रीकेन म्हणजे एकापुढे एक अशी तीन चिंचोळी सरोवरे. त्यांतल्या सर्वात वरच्या सरोवराच्या उत्तर टोकाशी टोर्शबी गाव आहे. याच सरोवरांच्या परिसरात, शेजारच्या सुन्ने भागातल्या मोर्बाका या वाड्यावर सेल्मा लागरलव्ह यांचा जन्म झाला. त्यांच्या १८९१ सालच्या ‘गस्टा बेर्लिंग’ या कादंबरीत फ्रीकेनच वेगळ्या नावाने अवतरते. १९०९ मध्ये साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका.

पूर्वेकडचे खोरे क्लारएल्वेन नदीचे. या नदीचा प्रवास पाहिला तर सीमाप्रदेशाचा सारा स्वभाव कळतो. ती उगम पावते स्वीडनमध्ये, नॉर्वेत शिरून फेमुंडेन सरोवराला मिळते, तिथून ट्रीसिल नदी या नावाने वाहते आणि टोर्शबीच्या उत्तर टोकाला पुन्हा स्वीडनमध्ये येऊन क्लारएल्वेन होते. एकूण सुमारे ४६० किलोमीटर वाहून ती कार्लस्टाड शहराजवळ व्हेनर्न या स्वीडनमधल्या सर्वात मोठ्या सरोवराला मिळते. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाचा बर्फ वितळला तेव्हा समुद्राची एक अरुंद शाखा या खोऱ्यात आत शिरली होती. बर्फाखाली दबलेली जमीन हळूहळू वर उचलली गेली, समुद्र मागे सरला, आणि वितळलेल्या पाण्याने आणलेल्या वाळू-गाळाचा सपाट तळ मागे राहिला. त्या मऊ तळावरून नदी मोठमोठी नागमोडी वळणे घेत वाहते, बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठावर वाळू टाकते. शेतीजोगी चांगली जमीन या तळावर आणि फ्रीकेनच्या काठाला आहे. जुनी स्वीडिश गावे तिथेच वसली: खाली फ्रीक्सेंडे, वर डालबी.

बाकी सगळी उंच जमीन. व्हेर्मलांडमधली सर्वात उंच जागा, सुमारे ७०० मीटरची, याच भागाच्या उत्तरेला आहे. खाली प्राचीन, कठीण खडक. वर हिमनदीने पसरलेले दगडगोटे आणि वाळूचे मिश्रण. मध्ये मध्ये दलदली आणि लहान तळी. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला या जमिनीत काही दिसत नव्हते. म्हणून सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंत खोऱ्यांमधले लोक तिचा उपयोग शिकारीसाठी, मासेमारीसाठी आणि उन्हाळी चराईसाठी करत; कायमची वस्ती तिथे जवळपास नव्हती.

ती वस्ती केली पूर्वेकडून आलेल्या माणसांनी. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. फिनलंडच्या आतल्या साव्हो भागातले शेतकरी सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मध्य स्वीडनच्या जंगलांत येऊ लागले आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेर्मलांडमध्ये पोचले. साव्होमधली जंगले जाळून जाळून अपुरी पडू लागली होती, रशियाशी चाललेल्या युद्धांनी आणि करांनी लोक टेकीला आले होते, आणि इकडे ड्यूक कार्ल, म्हणजे पुढचा राजा नववा कार्ल, ओसाड जंगलात घर बांधणाऱ्याला काही वर्षे करमाफी देत होता. राजाला कर भरणारी माणसे हवी होती. या लोकांना म्हातारे स्प्रूसचे जंगल हवे होते. त्यांना पुढे ‘अरण्यफिन’ हे नाव पडले, आणि त्यांच्या प्रदेशाला ‘फिन्स्कूग’, म्हणजे फिनांचे अरण्य. उत्तर फिन्स्कूगा आणि दक्षिण फिन्स्कूगा अशी दोन पॅरिशांची नावे टोर्शबीत याच इतिहासातून आली.

स्वीडिश शेतकऱ्याने नाकारलेली जमीन या लोकांना सोन्यासारखी का वाटली, ते त्यांच्या शेतीवरून समजते. त्यांची शेती फिरती होती, पण नुसते जंगल पेटवून बी टाकणे एवढ्यावर ती भागत नसे. जुन्या स्प्रूसच्या रानाचा एक तुकडा निवडायचा आणि झाडे पाडायची किंवा साल काढून उभी वाळवायची. लाकूड एक-दोन वर्षे सुकू द्यायचे. मग उन्हाळ्याच्या मध्यावर, नेमका कोरडा दिवस पाहून आग लावायची. आग फार उथळ गेली तर राख कमी, फार खोल गेली तर मातीच करपते; किती सुकलेल्या रानाला कोणत्या वाऱ्यात पेटवायचे, हे ज्ञान त्या शेतीचा गाभा होते. गरम राखेत राय या धान्याचे दाणे अगदी विरळ पेरले जात. ही राय नेहमीची नव्हती. एका दाण्यातून फुटव्यांचा मोठा झुबका निघायचा, पहिल्या उन्हाळ्यात ती नुसती पाल्याने वाढायची आणि दुसऱ्या वर्षी तिला कणसे धरायची. कोवळा पाला मधल्या काळात गुरांना चारता येई. एक-दोन पिके घेतली की राखेतला कस संपे; मग सलगम लावायचे, नंतर ते रान गवतावर सोडायचे, आणि पुन्हा झाड धरेपर्यंत कित्येक वर्षे त्याला हात लावायचा नाही.

घर कुठे बांधायचे, यातही तीच पारख होती. स्वीडिश गावे खोऱ्याच्या तळाशी, तर फिनांची घरे डोंगराच्या अंगावर, दक्षिणेकडे तोंड करून. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत तळाशी साचते, आणि या अक्षांशावर उन्हाळ्याच्या अखेरीसही ऐन पिकावर दहिवर गोठते. उतारावरचे शेत त्यातून वाचते. नकाशावर आजही अशा जागांची फिनिश नावे सापडतात. लेकवाट्नेट गावाजवळच्या रितामॅकी या नावातला ‘मॅकी’ म्हणजे डोंगर.

रितामॅकीची वस्ती जतन केलेली आहे. तिथल्या धूरघराला धुरांडे नाही. दगडांची प्रचंड भट्टी एका कोपऱ्यात. तिचा धूर खोलीतच वर चढतो, छताखाली थर धरून राहतो आणि छतातल्या झाकणाच्या झरोक्यातून सावकाश बाहेर पडतो. माणसे त्या थराच्या खाली बसत. भिंतींच्या ओंडक्यांवर डोक्याच्या उंचीला एक रेषा दिसते: तिच्या वर काळेकुट्ट, तिच्या खाली लाकडाचा मूळ रंग. तापलेले दगड रात्रभर ऊब देत. याच तत्त्वावर त्यांची अंघोळीची सौना आणि धान्य वाळवण्याची ‘रिही’ नावाची कोठारे चालत. धुराने वाळलेले धान्य किडत नसे आणि पुष्कळ वर्षे टिके. जेवणात ‘मोत्ती’ असे. भाजलेल्या ओटच्या पिठाची ही कोरडी, रवाळ उकड खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर आणि आंबट लिंगनबेरीबरोबर खातात. व्हेर्मलांडमध्ये ती अजून घरोघर माहीत आहे. त्या जुन्या रायचीही नोंद इथे करायला हवी. ती नाहीशी झाली असे धरले गेले होते. नॉर्वेच्या बाजूला एका जुन्या रिहीत तिचे थोडे दाणे सापडले, ते रुजले, आणि तिचे पीक पुन्हा घेतले जाऊ लागले. अडगळीतल्या धुरकट फळ्यांनी एक वाण सांभाळून ठेवला होता.

राजाने दिलेले आमंत्रण फार काळ टिकले नाही. सतराव्या शतकात स्वीडनच्या तिजोरीचा मोठा आधार लोखंड होते, आणि व्हेर्मलांड हा लोखंडाचा प्रांत. भट्ट्यांना कोळसा लागे, कोळशाला जंगल. ज्या लाकडाची राख करून अरण्यफिन राय पिकवत, तेच लाकूड कारखानदारांना हवे होते. १६४७ च्या वनकायद्याने परवानगीवाचून जंगल जाळण्यास मनाई केली. दप्तरात नाव नसलेल्या फिनांना हाकलण्याची भाषा सुरू झाली. काही जण आणखी पश्चिमेला सरकून नॉर्वेत गेले. तिथे त्यांची संख्या इतकी वाढली की १६८६ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या सरकारने त्यांची वेगळी गणना केली. काही जण अटलांटिक ओलांडून डेलावेअर नदीच्या काठी, १६३८ मध्ये स्थापन झालेल्या नव्या स्वीडन वसाहतीत गेले. अमेरिकेतल्या ओंडक्यांच्या झोपडीवर त्यांच्या सुतारकामाचा ठसा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. जे टोर्शबीच्या डोंगरांवर राहिले, त्यांनी हळूहळू कायमची शेते काढली, गुरे वाढवली, आणि ज्या भट्ट्यांनी त्यांची शेती संपवली त्यांच्यासाठीच कोळसा भाजला.

भाषा मात्र अडीचशे-तीनशे वर्षे तगली. प्रार्थना, कोर्ट, करवसुली हे सारे स्वीडिशमध्ये. घरात, जंगलात आणि सौनेत फिनिश. ओइनोइनेन, हावुइनेन अशी कुळनावे शेजारच्या स्वीडिश ‘सन’कारान्त नावांपेक्षा अगदी वेगळी. १८२१ मध्ये कार्ल आक्सेल गॉटलुंड हा फिनलंडहून उप्सालाला शिकायला आलेला २५ वर्षांचा विद्यार्थी या डोंगरांतून पायी फिरला. वाटेत त्याने गाणी, मंत्र, नावे, कुळकथा टिपून घेतल्या, आणि त्याची रोजनिशी आज या संस्कृतीचा सर्वात मोठा साठा मानली जाते. तो केवळ टिपणे करून थांबला नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या फिनांना त्यांच्या भाषेतले चर्च आणि स्वतःचा कारभार मिळावा म्हणून त्याने खटपट केली. इथले लोक गाऱ्हाणे घेऊन स्टॉकहोमपर्यंत गेले. अधिकाऱ्यांना ती चळवळ धोक्याची वाटली आणि मागणी फेटाळली गेली. पुढे सक्तीचे शिक्षण आले, तेही स्वीडिशमधून. फिनिश बोलणारी शेवटची पिढी १९६० च्या दशकात संपली. शेवटच्या बोलणाऱ्यांपैकी योहानेस योहानसन ओइनोइनेन १९६५ मध्ये वारले. अभ्यासक त्यांच्याकडे येत होते, पण ज्यांच्याशी रोज त्या भाषेत बोलावे अशी माणसे भोवती उरली नव्हती. आज अरण्यफिनांना नॉर्वेमध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याकांचा दर्जा आहे; टोर्शबीत त्यांच्या इतिहासाला वाहिलेले केंद्र आहे, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना येत-जात जाणारी २४० किलोमीटरची पायवाट त्यांच्या जुन्या वस्त्यांवरून काढलेली आहे.

आता ती रेघ. स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे यांच्यातली हद्द शतकानुशतके ‘कुठेतरी जंगलात’ होती. १७५१ मध्ये स्ट्रमस्टाड इथे तह होऊन ती प्रथमच मोजून ठरवली गेली. दगडांच्या राशी रचून तिच्या खुणा झाल्या, आणि झाडे तोडून तिच्यावर एक मोकळी पट्टी ठेवण्याची प्रथा पडली. विमानातून पाहिले तर हिरव्या रानातला तो सरळ भांग अजून दिसतो. एकाच कुळाची घरे त्याच्या दोन्ही अंगांना राहिली. लग्ने, उधारी, शिकार, बिनजकातीचा माल, सगळे त्याच्या आरपार चालू राहिले. १८१४ पासून दोन्ही देश एका राजाखाली आले. १९०५ मध्ये ते शांततेने वेगळे झाले, तेव्हा वाटाघाटी झाल्या त्या व्हेर्मलांडच्याच राजधानीत, कार्लस्टाडला. तिथल्या कराराने सीमेच्या दक्षिण भागाला निर्लष्करी पट्टा ठरवले. तो ६१ अक्षांशापर्यंत होता, म्हणजे टोर्शबीची जवळजवळ सारी सीमा त्यात येत होती.

ही शांतता सर्वात जास्त कसाला लागली ती एप्रिल १९४० नंतर. जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि अरण्यातली रेघ एकाएकी कब्जातला देश आणि तटस्थ देश यांच्यामधली रेघ झाली. युद्धाच्या वर्षांत सुमारे ५०,००० लोक नॉर्वेतून स्वीडनमध्ये पळून आले: प्रतिकार चळवळीतले लोक, ज्यू कुटुंबे, सक्तीची मजुरी टाळणारे तरुण. त्यांतली एक महत्त्वाची वाट या फिन-अरण्यातून होती. वाटाडे स्थानिक होते, आणि गस्त कुठे असते, दलदल कुठे धरते, रात्री कुठल्या घराचे दार उघडेल, हे त्यांना पिढ्यांच्या ये-जा करण्यातून माहीत होते.

युद्धानंतर रेघ जवळपास पुसट झाली. १९५० च्या दशकात नॉर्डिक देशांनी आपसांतली पासपोर्टाची अट काढून टाकली, कामासाठी पलीकडे जाणे मोकळे केले. १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात गेला, नॉर्वे बाहेर राहिला. त्यातून एक वेगळाच व्यापार फोफावला. मांस, मिठाया, तंबाखू आणि दारू नॉर्वेत महाग, स्वीडनमध्ये स्वस्त. हॉल्येस गावाच्या उत्तरेला, लोंगफ्लून इथे ऐन जंगलात दुकाने उभी आहेत ती नॉर्वेतून येणाऱ्या गाड्यांसाठी. मार्च २०२० मध्ये साथीमुळे नॉर्वेने हद्दीवर निर्बंध घातले तेव्हा या दुकानांपुढची मैदाने रिकामी झाली. स्वतःच्या लाकडी सुटीघरापर्यंतही पुष्कळ नॉर्वेजियनांना जाता येईना. जी रेघ लोक विसरून गेले होते, तिची सर्वांना एका आठवड्यात आठवण झाली.

क्लारएल्वेन नदीचा इतिहास लाकडाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोखंडाची जागा करवतीच्या गिरण्यांनी आणि कागदाच्या लगद्याने घेतली. हिवाळ्यात तोडलेले ओंडके बर्फावरून घोड्यांनी नदीकाठी ओढायचे आणि वसंतात पाणी चढले की प्रवाहात सोडायचे. क्लारएल्वेन ते खाली व्हेनर्नच्या काठच्या कारखान्यांपर्यंत नेई. वळणावर ओंडके अडकले की लांब दांड्याने ते सोडवणारे कामगार हे या खोऱ्यातले सर्वात धाडसी लोक समजले जात. ट्रक आणि रस्ते आल्यावर स्वीडनच्या इतर नद्यांवर हे काम थांबले. क्लारएल्वेनवर ते १९९१ पर्यंत चालले, आणि देशातले शेवटचे ओंडके याच नदीने वाहिले. आता उन्हाळ्यात पर्यटक दोराने ओंडके बांधून तराफा करतात आणि संथ वळणांवरून काही दिवस वाहत जातात.

त्याच नदीवर १९६० च्या सुमारास हॉल्येसचे धरण पूर्ण झाले. माती-दगडांचे, ८१ मीटर उंचीचे हे धरण आणि खालची अनेक वीजकेंद्रे यांनी नदीतल्या सामन माशांची वाट तोडली. हे सामन समुद्रात जात नाहीत. व्हेनर्न हाच त्यांचा समुद्र, आणि अंडी घालायला ते पूर्वी वर नॉर्वेतल्या ट्रीसिलपर्यंत चढत. आज त्यांना खाली फोर्शहागा इथे पकडून टँकरमधून खालच्या वीजकेंद्रांच्या वर नेऊन सोडतात. तिथून ते टोर्शबीच्या हद्दीतल्या मोकळ्या पाण्यापर्यंत स्वतः पोहून जातात. स्ट्रेंग्सफोर्सेन या न बांधलेल्या खळाळाचे मोल त्यामुळे फार मोठे आहे. प्रवाह, गोटे आणि प्राणवायू यांची माशांना हवी तशी जुळणी तिथे शिल्लक आहे.

पूर्वेकडून आलेल्यांची गोष्ट फिनांपाशी संपत नाही. स्वीडनमधला लांडगा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मारून संपवला गेला होता. १९६६ मध्ये त्याला संरक्षण मिळाले तेव्हा संरक्षण द्यायला जवळपास कोणी उरले नव्हते. १९८३ मध्ये टोर्शबीतल्या न्यूस्कूगा भागात एका जोडीला पिल्ले झाली. पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसले, की हे नर-मादी फिनलंड-रशियाकडच्या लांडग्यांतून, शेकडो किलोमीटरची वाट तुडवून आले होते. १९९१ च्या सुमारास तिसरा लांडगा त्याच दिशेने येईपर्यंत सारी वंशावळ या दोघांचीच होती, आणि जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे दुष्परिणाम स्कँडिनेव्हियाच्या लांडग्यांत अजून मोजले जातात. काही कळपांचा संचार दोन्ही देशांत असतो, त्यामुळे त्यांची मोजणीही वाटून घ्यावी लागते.

गावकऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न आकड्यांचा नाही. शरद ऋतूतली एल्कची शिकार इथे वर्षातला मोठा सण असतो, ती मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांच्या मदतीने होते, आणि लांडगा कुत्र्याला मारतो. मेंढ्या पाळणाऱ्यांना उंच कुंपणे घालावी लागतात. दूरच्या शहरातल्या माणसाला लांडग्याचे परतणे आनंदाचे वाटते. ज्याचा कुत्रा रानातून परत येत नाही त्याचे दुःखही तितकेच खरे आहे, आणि या वादाचा निवाडा करताना ते मोजले गेले पाहिजे.

आजचे कोम्यून १९७० च्या दशकातल्या फेररचनेत जुने लहान घटक एकत्र करून झाले. तेव्हापासून लोकसंख्या घटत आली आहे: यंत्रांनी जंगलातली कामे घेतली, तरुण कार्लस्टाडला आणि ऑस्लोकडे गेले. नेदरलंड्समधून आलेली काही कुटुंबे रिकाम्या घरांत राहू लागली आहेत. कोम्यूनचा भर आता हिवाळ्यावर आहे. ब्रानेसच्या उतारांवर स्कीइंग चालते. टोर्शबी गावाजवळ २००६ मध्ये सुरू झालेल्या १.३ किलोमीटरच्या बोगद्यात भर उन्हाळ्यात बर्फावर सराव करता येतो, आणि असा बोगदा स्वीडनमध्ये हा पहिलाच. हॉल्येसच्या धावपट्टीवर दर उन्हाळ्यात रॅलीक्रॉसच्या स्पर्धेसाठी हजारो लोक तंबू ठोकतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक स्वेन-यरान एरिक्सन टोर्शबी गावात वाढले आणि इथल्याच क्लबात खेळायला लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचा अंत्यविधी फ्रीक्सेंडेच्या चर्चमध्ये झाला. टोर्शबी गावातून आज ई-१६ आणि ई-४५ हे दोन युरोपीय महामार्ग जातात. ई-१६ ने पश्चिमेला निघालेली गाडी फिन-अरण्यातून नॉर्वेत शिरते. हद्दीवर जकातीची पाटी असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीच स्प्रूसची झाडे.